‘मन कच्चे’ म्हणण्याआधी: एका धावपटूच्या वडिलांना उत्तर

खानापूर तालुक्यातील एका गावाहून एका वडिलांनी विचारणा केली आहे. त्यांची मुलगी १९ वर्षांची आहे, ५,००० आणि १०,००० मीटर धावते, राज्य पातळीवर तिला पदके मिळाली आहेत आणि गेली दोन वर्षे ती क्रीडा वसतिगृहात राहून सराव करते. चार महिन्यांपासून तिचे टाइमिंग घसरते आहे, पहाटे तीनच्या सुमारास जाग आली की पुन्हा झोप लागत नाही, चिडचिड वाढली आहे आणि दिवाळीत घरी आली तेव्हा फराळाच्या ताटाला तिने हातही लावला नाही. प्रशिक्षकांचे म्हणणे असे की शरीर तयार आहे, मन कच्चे आहे. वडिलांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: हा आजार आहे की आळस, मानसोपचाराची औषधे घेतली तर ती उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत अडकेल का, आणि तिने धावणे सोडून द्यावे का. मी बावीस वर्षे बेळगावात मानसोपचार करतो आणि पैलवान, धावपटू, जलतरणपटू, लष्करभरतीच्या तयारीतली मुले असे पुष्कळ जण या काळात माझ्यासमोर बसून गेले आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

आळसाची शंका आधी काढून टाकू. १०,००० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाला पंचवीस फेऱ्या. पंधराव्या-सोळाव्या फेरीपासून पाय, फुप्फुसे, पोट सगळेच ‘आता थांब’ म्हणू लागतात आणि ते न ऐकता पुढचे पाऊल टाकणे हेच त्या खेळाचे खरे कसब असते. तुमच्या मुलीने हे कसब वर्षानुवर्षे घोटले आहे. अशा मुलीला आळशी ठरवणे चूक आहेच, परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हेच कसब तिचा आजार लपवते. ज्या मनाला शरीराची तक्रार ऐकायची नाही असे शिकवले, ते स्वतःची तक्रारही ऐकत नाही. सामान्य माणूस थकला, उदास झाला की कामावर जायचे टाळतो आणि चार जणांच्या लक्षात येतो. लांब पल्ल्याचा धावपटू मात्र उदास झाला की आणखी पाच किलोमीटर जास्त धावतो. वेळ खालावली की त्याचे उत्तर एकच असते, मेहनत वाढवणे, आणि प्रशिक्षकही बहुधा तेच सांगतात. म्हणून या खेळाडूंना ‘कसे वाटते?’ असे विचारून फारसे हाती लागत नाही. ‘बरे आहे’ हे उत्तर त्यांच्या तोंडी बसलेले असते. झोप, भूक, नाडी, पाळी आणि सरावाची वही यांना विचारावे लागते.

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१९ मध्ये उच्चस्तरीय खेळाडूंच्या मानसिक आरोग्याविषयी तज्ज्ञांचे एकमत प्रसिद्ध केले. त्याच वर्षी आलेल्या, अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, खेळत असलेल्या उच्चस्तरीय खेळाडूंपैकी सुमारे ३४ टक्के जणांमध्ये चिंता किंवा नैराश्याची लक्षणे आढळली. लक्षणे असणे म्हणजे प्रत्येकाला आजार असणे नव्हे, हे खरे. तरीही दर तिसरा खेळाडू म्हणजे वसतिगृहाच्या एका खोलीत तीन खाटा असतील तर त्यांतली एक. तेव्हा तुमची मुलगी जगावेगळी नाही.

आता तुमच्या पत्रातील ज्या वाक्यावर मी सर्वांत जास्त थांबलो ते फराळाचे. तुम्ही पाळीचा उल्लेख केलेला नाही, वडिलांनी तो करणे आपल्याकडे अवघडही असते, पण तिच्या आईने शांतपणे विचारून घ्यावे. सलग तीन महिने किंवा त्याहून जास्त पाळी आली नसेल तर ती ‘सराव जास्त आहे म्हणून चालायचेच’ अशी बाब नव्हे. धावण्यात खर्च होणारी ऊर्जा आणि अन्नातून येणारी ऊर्जा यांचा मेळ बसेनासा झाला की शरीर काटकसर सुरू करते. आधी पाळी थांबते, मग हाडे विरळ होऊ लागतात, झोप उडते, मन खिन्न राहते, लहानसहान दुखापती बऱ्या होत नाहीत आणि वेळ घसरते. या अवस्थेला ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये स्वतंत्र नाव दिले. मराठीत आपण तिला खेळाडूची ऊर्जातूट म्हणू. मुलांमध्येही ती होते, फक्त त्यांच्यात पाळीसारखी उघड खूण नसल्याने ती उशिरा कळते.

अमेरिकेची मेरी केन १७ व्या वर्षी, २०१३ मध्ये, मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत १,५०० मीटरच्या अंतिम फेरीत धावली होती. पुढे २०१९ मध्ये तिने जाहीरपणे सांगितले की वजन सतत कमी करण्याच्या दबावाखाली तिची पाळी तीन वर्षे बंद होती, तिची पाच हाडे मोडली आणि मनात जीव देण्याचे विचार येऊ लागले होते. तिचे मन कच्चे होते असे कोणी म्हणू धजेल का?

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक धावपटू माझ्याकडे आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रडू येणे, पहाटेची जाग, कशात रस नाही, अशी नैराश्याची सगळी लक्षणे होती. मी नैराश्याचे निदान केले आणि औषध लिहून दिले. ती काय खाते हे मी विचारले नाही. तीन आठवड्यांनी ती लंगडत आली. नडगीच्या हाडाला तडा गेला होता. मग वही मागवली. आठवड्याला शंभर किलोमीटरच्या आसपास धावणारी ती मुलगी सकाळी सरावानंतर एक केळे आणि चहा, दुपारी एक भाकरी, रात्री भात नको म्हणून काकडी, एवढ्यावर राहत होती, कारण कोणीतरी तिला ‘मागून जड दिसतेस’ असे म्हटले होते. नैराश्य खोटे नव्हते, पण त्याचे मूळ ताटात होते आणि मी ते डोक्यात शोधत बसलो होतो. तेव्हापासून खेळाडूला औषध लिहिण्याआधी मी हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व या तपासण्या करून घेतो आणि मुलगी असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतो. शरीरात लोहाचा साठा कमी असला तरी वेळ घसरते, धाप लागते, मन मरगळते, आणि तेही ‘मन कच्चे’ या खात्यावर जमा होते.

दुसरी शक्यता अतिसरावाची आहे. मोठ्या स्पर्धेआधी आठ-दहा दिवस सरावाचा लोड वाढवला, खेळाडू थकला आणि विश्रांतीनंतर पूर्वीपेक्षा चांगला धावला, तर ते योग्य नियोजन झाले. मात्र दोन-तीन आठवडे विश्रांती देऊनही वेळ परत येत नसेल, झोप बिघडलेली असेल, सारखी सर्दी-खोकला होत असेल आणि ज्या मैदानाकडे पाय आपोआप वळत तेथे जाणेच नको वाटत असेल, तर शरीर आणि मन दोन्ही उधारीवर चालले आहेत असे समजावे. ही उधारी फेडायला आठवडे नव्हे, कधीकधी महिने लागतात. एक साधी सवय उपयोगी पडते. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी, मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची आणि वहीत लिहायची. त्याच ओळीत झोपेचे तास आणि ‘आज धावायची इच्छा आहे का’ याला एक ते पाचपैकी गुण. रोजच्या सरासरीपेक्षा नाडी सात-आठ ठोक्यांनी वर राहू लागली आणि इच्छेचे गुण एक-दोनवर अडकले, की प्रशिक्षकांशी बोलायला हातात पुरावा असतो. ‘मला बरे वाटत नाही’ या वाक्यापेक्षा वहीतले तीन आठवडे प्रशिक्षकांना लवकर पटतात, असा माझा अनुभव आहे.

आपल्या भागातील एक अडचण बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही आणि ती भाषेची आहे. तुमची मुलगी घरी मराठी बोलते, वसतिगृहात कन्नड, राष्ट्रीय शिबिरात हिंदी, आणि अर्ज भरते इंग्रजीत. धावण्याचे शब्द तिला चारही भाषांत येत असतील, दुःखाचे मात्र बहुधा एकाच भाषेत येतात. ‘बेजार’ हा शब्द घ्या. आपण मराठीत ‘मी बेजार झालेय’ म्हणतो तेव्हा जीव मेटाकुटीला आला, असा अर्थ असतो. कन्नडमध्ये ‘बेजारु’ म्हणजे वाईट वाटणे, पण कंटाळा येणे हाही त्याचा रोजच्या वापरातला अर्थ. एका मुलाने प्रशिक्षकांना ‘बेजार आगिदे सर’ असे सांगितले आणि प्रशिक्षकांनी ऐकले की पोराला कंटाळा आला आहे. त्यांनी दोन फेऱ्या वाढवून दिल्या. ते प्रशिक्षक दुष्ट नव्हते. त्या मुलाला जे म्हणायचे होते ते त्याने माझ्यासमोर मराठीत सांगितले तेव्हा पाच मिनिटे तो नुसता रडत होता. म्हणून मदत घ्याल ती मुलीच्या मनाच्या भाषेत मिळेल असे पाहा, आणि दुभाषा म्हणून प्रशिक्षकांना किंवा खोलीतल्या मैत्रिणीला बसवू नका.

दबाव कोठून येतो याचाही विचार करा, आणि त्यात स्वतःला वगळू नका. आपल्याकडे धावणे हा केवळ खेळ नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, गावोगावी पहाटे अंधारात मुले लष्करभरतीच्या १.६ किलोमीटर धावण्याची तयारी करताना दिसतात, आणि पोलीस, रेल्वे, लष्कर यांतील क्रीडा कोट्याच्या नोकरीकडे घरादाराचे डोळे लागलेले असतात. मोठ्या शहरातल्या हौशी धावपटूची तीन सेकंदे गेली तर त्याची तीन सेकंदे जातात. आमच्या मुलामुलींची तीन सेकंदे गेली तर बहिणीचे लग्न आणि घराचा स्लॅब पुढे ढकलला जातो, निदान त्यांना तसे वाटते. त्यातच पदक आले की गावाच्या वेशीवर अभिनंदनाचा फलक लागतो. एका मुलीने मला सांगितले होते की घरी जाताना ती एक थांबा आधीच उतरते आणि शेताच्या बांधावरून जाते, कारण वेशीवरचा स्वतःचा फोटो तिला पाहवत नाही. पावसाने त्या फलकाचा एक कोपरा फाटला होता आणि वाऱ्यावर तो फडफडत असे. तो आवाज तिला रात्री झोपेत ऐकू येई. फलक लावणाऱ्यांचे प्रेम खोटे नव्हते. पण पुढच्या वर्षी पदक आले नाही तर हा फलक काढायचा कोणी, हे कोणी ठरवलेले नसते.

पदक मिळाल्याने मन भरून येतेच असेही नाही. २००८ मध्ये बीजिंगला नेमबाजीत सुवर्णपदक जिंकणाऱ्या अभिनव बिंद्रा यांनी अनेकदा सांगितले आहे की त्यांच्या आयुष्यातला मोठा मानसिक पेच हरल्यानंतर नव्हे, जिंकल्यानंतर आला, कारण ज्या एका ध्येयाभोवती सगळे आयुष्य बांधले होते तेच संपले. तुमच्या मुलीला ‘तू कोण?’ असे विचारले तर ती ‘धावपटू’ याखेरीज आणखी काही सांगू शकते का, हे पाहा. तिचे महाविद्यालय, तिची मैत्रीण, भजनातला तिचा आवाज, शेळीच्या करडांचा तिला असलेला लळा, काहीही चालेल.

थोडे विषयांतर करून तालमीविषयी दोन ओळी लिहितो, कारण हे उत्तर वाचणाऱ्यांत पैलवानांचे पालकही असतील. विनेश फोगाट २०२४ मध्ये पॅरिसला ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचल्यावर १०० ग्रॅम वजन जास्त भरल्याने अपात्र ठरल्या, हे सर्वांना आठवते. त्याआधीच्या रात्रीचे हाल आपल्या भागातल्या कित्येक पोरांनी छोट्या प्रमाणावर भोगलेले असतात: उन्हात स्वेटर घालून धावणे, पाणी बंद, थुंकून थुंकून वजन उतरवणे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन पैलवान याच पद्धतीने वजन उतरवताना दगावले. मनावर होणारा परिणामही धड असतो असे नाही. तहानलेला मेंदू चिडका, संशयी आणि हताश होतो, आणि वजन झाल्यावर एकदम पोटभर खाल्ले की अपराधी भाव येतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तर प्रतिबंधित द्रव्यांच्या यादीत आहेत, स्पर्धा असो वा नसो.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. नैराश्य आणि चिंतेसाठी आज आम्ही बहुतेक वेळा ज्या गटातील औषधे प्रथम वापरतो, म्हणजे एसिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन यांसारखी, ती जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या प्रतिबंधित यादीत नाहीत. अवधानाच्या आजारासाठी (एडीएचडी, म्हणजे लक्ष एकाग्र न होणे) दिले जाणारे मिथाइलफेनिडेट स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित आहे आणि त्यासाठी आधी वैद्यकीय सूट मंजूर करून घ्यावी लागते. थरथर आणि धडधड कमी करणारे प्रोप्रॅनोलॉल नेमबाजी आणि तिरंदाजी अशा खेळांत चालत नाही. यादी दरवर्षी बदलते, म्हणून प्रत्येक औषधाचे नाव त्या वर्षीच्या यादीशी ताडून घेणे हे डॉक्टरांचे आणि खेळाडूचे, दोघांचेही काम आहे. खरा धोका मानसोपचाराच्या चिठ्ठीपेक्षा व्यायामशाळेतल्या डब्यातल्या, नावगाव नसलेल्या भुकटीत जास्त असतो. एक इशारा मात्र द्यायला हवा. ही औषधे परिणाम दाखवायला दोन ते चार आठवडे घेतात, आणि २५ वर्षांखालील काही जणांमध्ये सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता वा जीव देण्याचे विचार वाढू शकतात, म्हणून पहिला महिना दर आठवड्याला भेट आवश्यक असते आणि गोळ्या मनानेच बंद करायच्या नसतात. सौम्य आजारात औषधाशिवाय, नुसत्या समुपदेशनाने आणि सरावाच्या फेरआखणीनेही काम भागते.

तिला जगणे नकोसे वाटते का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले याने बहुतेकांना हलके वाटते. उत्तर ‘हो’ असे आले, किंवा ती आपल्या वस्तू वाटू लागली, निरोपाचे बोलू लागली, तर तिला एकटी ठेवू नका, घरातली शेतीची औषधे कुलपात टाका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. टेलिमानस ही शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला मानसिक आरोग्याची स्वतंत्र शासकीय संस्था आहे. सौंदत्तीला यल्लम्माचे दर्शन घेऊन यायचे असेल तर अवश्य या, त्याला माझी कधीच हरकत नसते, फक्त त्यासाठी उपचार पुढल्या पौर्णिमेपर्यंत लांबवू नका.

धावणे सोडावे का? आज तो निर्णय घेऊ नका, आणि तिलाही घेऊ देऊ नका. खिन्न मनाने घेतलेले आयुष्याचे निर्णय उतारावरच्या गाडीसारखे असतात. थांबणे आणि सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या सांघिक अंतिम फेरीत एक उडी मारून बाजूला झाली, कारण हवेत असताना स्वतःचे शरीर कोठे आहे हेच तिला कळेनासे झाले होते. पुष्कळांनी तिला पळपुटी म्हटले. २०२४ मध्ये पॅरिसला तिने तीन सुवर्णपदके आणि एक रौप्य मिळवले. प्रत्येकीचे असेच होईल, असे मी म्हणणार नाही. काही मुली परत आल्या नाहीत आणि त्यांचे काही बिघडलेही नाही. माझ्या मते पहिले चार ते सहा आठवडे वेळ लावून धावणे पूर्ण बंद ठेवावे, घड्याळ कपाटात ठेवावे, जेवण आणि झोप मार्गावर आणावी, आणि प्रकृती परवानगी देईल तेव्हा सकाळी ती गावातच, आवडत असेल तर मैत्रिणीबरोबर, गप्पा मारता येतील इतक्या हळू धावेल. राज्य स्पर्धेची एक फेरी हुकेल. ती हुकू द्या. प्रशिक्षकांना डॉक्टरांचे पत्र लागले तर मी देईन, त्यात दुखापतीला देतात तशीच विश्रांतीची मुदत लिहिलेली असेल आणि निदान लिहिलेले नसेल.

तोवर तुम्ही एवढे करा की तिचा फोन आला की ‘टाइमिंग किती आले?’ हा पहिला प्रश्न बंद करा. जेवलीस का, हेही विचारू नका, कारण आता तोही तिला परीक्षेचा प्रश्न वाटत असेल. गाय व्याली, पाऊस लांबला, आजीचे गुडघे दुखतात, हे सांगा.

भेटीला याल तेव्हा तिची सरावाची वही, गेल्या वर्षभरातील रक्त तपासण्या आणि ती घेत असलेल्या सगळ्या गोळ्या-भुकट्यांची वेष्टणे बरोबर आणा. तिच्या आईला आणा. मुलगी सज्ञान आहे आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तिच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क तिला दिलेला आहे, म्हणून ती मला जे सांगेल ते तिच्या संमतीशिवाय मी तुम्हालाही सांगणार नाही आणि प्रशिक्षकांनाही नाही. तिच्या जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद. पहिला अर्धा तास मी तिच्याशी एकटीशी बोलेन. तुम्ही दोघे बाहेर बाकावर बसा, आणि ती बाहेर आल्यावर ‘काय विचारले?’ असे विचारू नका.